साखरेची शपथ

यशवंतचा पाय गुडघ्याखालून कापला, तेव्हापासून त्याच्या धाकट्या भावाची, रघुनाथची, पाचावर धारण बसली होती. तोंडाने कबूल करायचा नाही, तो भाग वेगळा. दतिया गेटच्या घरात यशवंत पलंगावर बसलेला असायचा, चादरीखाली एकीकडे काहीच नाही, आणि म्हणायचा, "रघू, मी गोड सोडलं नाही रे. तू तरी सोड." मधुमेह दोघा भावांना होता. वडीलही त्यानेच गेले. एकदा भावाला भेटून रघुनाथ सीपरी बाजारातल्या आपल्या घरी परतला. आल्या आल्या मोबाइलला चिकटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जाहीर करून टाकलं, "आजपासून कीटो."

"म्हणजे हो काय?" त्याच्या बायकोने, अनुसूयेने, विचारलं.

"पोळी बंद, भात बंद, बटाटा बंद, वरण नावापुरतं. तूप, पनीर, बदाम, पालेभाजी, बस्स. मग शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागतं."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचंय? वजन उतरलं की तेच पाठ थोपटतील."

इथेच घोडं पेंड खातं, बरं का! मधुमेहाची गोळी रघुनाथ रोज सकाळी घ्यायचा, ती तशीच चालू राहिली. पोटात साखर जाणं बंद, आणि साखर उतरवणारी गोळी चालूच. पण एवढं साधं गणित त्या घरात कुणाला सुचलं नाही. विमा कचेरीत दुसऱ्यांच्या आयुष्याचे हिशेब मांडणाऱ्या रघुनाथलाही नाही.

घरातली साखर, तांदूळ, रवा, पोहे, सगळं शेजारच्या सक्सेना भाभींकडे गेलं. भाभी घाबरल्याच. "अरे, मकान छोड़ के जा रहे हो क्या?" पहिला आठवडा कसा गेला ते अनुसूयेलाच विचारावं. रघुनाथचं डोकं ठणकायचं, पायात गोळे यायचे, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. तिने फुलकोबी किसून तिचा भात केला, बदामाच्या पिठाची भाकरी थापली. ती भाकरी तव्यावरून उचलली की हातात तुकडे! स्वतःसाठी दोन पोळ्या लाटायची, त्यासुद्धा तो अंघोळीला गेला की, चोरासारखी. पुढे हळूहळू सवय झाली. पट्टा दोन भोकं आत गेला. बोटाला सुई टोचून साखर बघायचं मशीन होतं, त्यावरचा आकडा उतरला. कचेरीतले लोक म्हणायला लागले, "रघुनाथ जी, आप तो जवान हो गए." गडी खूष.

अनुसूया मात्र खूष नव्हती. तो जिना चढताना मध्येच थांबतो, सकाळी फिरून आला की त्याचा हात थरथरतो, हे तिला दिसत होतं. एकदा तर तो भिंत धरून उभा राहिला. विचारलं की खेकसायचा. मग तिने बायकी उपाय केला. आपल्याकडे भाजीत गुळाचा खडा पडल्याशिवाय हात थांबतो का? गुळाचं एक ढेकूळ तिने डाळीच्या डब्यात दडवून ठेवलं होतं. रोज सकाळच्या भाजीत चिमूटभर जास्तच टाकायला लागली. हात थरथरायचा थांबला. तिने तोंडातून ब्र काढला नाही.

पण असल्या गोष्टी किती दिवस लपतात? एके सकाळी रघुनाथला डाळीच्या डब्यात गूळ सापडला. तो ओरडेल, ताट भिरकावेल असं तिला वाटलं होतं. तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, गुळाचं ढेकूळ हातात घेऊन रडतोय.

"दादासारखा पाय कापून घेऊ का मी? तुला तेच हवंय का?"

"अहो, नाही हो. तुमचा हात थरथरत होता, म्हणून मी..."

त्याने तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "घे शपथ. पुन्हा माझ्या तोंडात गोडाचा कण घातलास, तर माझं मेलेलं तोंड बघशील. बोल!"

तिने हात सोडवायला पाहिलं, त्याने सोडला नाही. शेवटी ती बोलली.

आता यावर तुम्ही हसाल. शपथेला काय भ्यायचं या काळात? पण शाळेत असताना अनुसूयेने वडिलांच्या गळ्याची खोटी शपथ घेतली होती, एका फुटलेल्या बरणीपायी. त्याच महिन्यात बबीनाच्या रस्त्यावर ट्रकने वडिलांची सायकल उडवली. लोक म्हणाले अपघात. तीही म्हणाली अपघात. पण तेव्हापासून तिने कुणाची शपथ घेतली नव्हती, आणि हे रघुनाथला ठाऊक होतं. म्हणून तर त्याने शपथ घातली, लबाडाने! स्वतः कधी देवाला हात जोडायचा नाही, पण बायकोची दुखरी नस त्याला बरोबर माहीत.

गूळ बंद झाला. आणि त्यानंतरचा रविवार उजाडला.

सकाळी त्याने गोळी घेतली, लांब फेरी मारून आला. दुपारपर्यंत काही खायचं नाही, असा नवा नियम मोबाइलवर ऐकला होता, तो त्याच आठवड्यात सुरू केलेला. अनुसूया मेथी निवडत होती. पुढच्या खोलीतून आवाज आला, "बाबा आले का गं? त्यांचा चहा ठेव."

त्याच्या बाबांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.

ती धावत गेली. रघुनाथ खुर्चीत बसून चपलेत हात घालत होता. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा पांढराफटक, नजर तिच्यावर आणि तिच्यावर नाहीही. तिने मशीन काढलं, त्याच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला चौतीस.

तिला सगळं कळत होतं, हीच तर खरी आफत. डॉक्टरांनी तिला कितीदा बजावलं होतं, "भाभी जी, सत्तर से नीचे जाए तो सोचना मत, शक्कर खिला देना. नहीं तो जान जा सकती है." साखर दिली तर शपथ मोडते आणि हा जातो. नाही दिली तर असाही जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

आधी तिने अँब्युलन्सला फोन लावला. निघतो म्हणाले. मग तिला सुचलं, दुसऱ्याच्या हातून दिली तर? शपथ आपल्या हाताला आहे, सक्सेना भाभींच्या हाताला थोडीच आहे! अनवाणीच धावली. भाभींच्या दाराला कुलूप. सगळं घर ओरछाला दर्शनाला गेलेलं. समोरचं दार बडवलं, कुणी उघडलं नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. परत आली तर रघुनाथ खुर्चीतून घसरून जमिनीवर पडलेला, मान एका अंगाला, ओठ हलताहेत पण शब्द नाही.

"अहो! अहो, बघा ना माझ्याकडे!"

देवघरात नैवेद्याच्या वाटीत साखर होती. देवापुढची वाटी तेवढी रघुनाथनेही हलवली नव्हती. तिने ती उचलली. "देवा, ही साखर नाही, तुझा प्रसाद आहे," ती मोठ्याने म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हे आपलं आपल्यालाच पटत नाही. साखर ती साखर. आपण नवऱ्याला मारायला निघालोय, की वाचवायला? वाटी सांडू नये म्हणून तिने ती छातीशी धरली.

त्याच्याजवळ बसली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन एका कुशीला वळवलं. बोट ओलं करून साखरेत बुडवलं, आणि ते त्याच्या ओठांपाशी नेऊन तिने डोळे गच्च मिटले.

मेलेलं तोंड बघशील, असं तो म्हणाला होता ना? मग बघायचंच नाही. काही झालं तरी बघायचं नाही.

डोळे मिटूनच तिने बोट त्याच्या गालाच्या आत फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. त्याचे दात बोटाला लागत होते. श्वास चालू आहे की नाही, ते हाताला कळत नव्हतं, आणि बघायची सोय नव्हती. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू केली, ती दूर गेली. तिच्या कपाळावरचा घाम पापण्यांवरून ओघळला, तरी तिने डोळे उघडले नाहीत. "रघुनाथ, रघुनाथ," ती म्हणत होती. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर त्याचं नाव तिने आज पहिल्यांदा घेतलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग जीभ हलली. तिच्या बोटावरची साखर जिभेने चाटली.

अनुसूयेला हुंदका फुटला. तरीही डोळे मिटलेलेच.

"अनू," खालून खरखरीत आवाज आला. "मी जमिनीवर कसा?... काय घातलंस तोंडात?"

तिने चाचपडत बोट पुन्हा वाटीत बुडवलं.

"साखर आहे," तो म्हणाला. आता ओरडणार, असं तिला वाटलं. त्याने चाचपडत तिचं मनगट पकडलं. त्याचा हात थंडगार होता. "अजून दे."

तिने वाटी त्याच्या तोंडाला लावली. तो लहान मुलासारखा चाखत राहिला, साखर गळ्यावर सांडत होती.

"डोळे का मिटलेस? अनू, बघ माझ्याकडे."

"आधी सुटली म्हणा."

"काय?"

"शपथ. सुटली म्हणा आधी. म्हटल्याशिवाय मी बघायची नाही. अहो, म्हणा ना, पाया पडते तुमच्या!"

एरवी तो हसला असता. आता त्याने तिचा साखरेने चिकट झालेला हात धरला आणि त्या दिवशी ठेवला होता तसाच स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"सुटली," तो म्हणाला. "सुटली. सुटली गं, सुटली."

तिने डोळे उघडले. तो तिच्याकडेच बघत होता, डोळे भीतीने ताठ. तिने एकदाच म्हणायला सांगितलं होतं. अँब्युलन्सची माणसं दारात आली, तरी तो म्हणतच होता.