भर बाजारात

“बराबरच केलं की सर त्याहीनं!” मागच्या बाकावरून विकास ओरडला आणि वर्ग फिदीफिदी हसला.

सोनाजी सरांच्या हातातला खडू मोडला. जवळा बाजारच्या कॉलेजात केस पिकेपर्यंत त्यांनी इतिहास शिकवला, पण आवाज कधी चढवला नव्हता. आज युरोप शिकवताना ते पुस्तकाबाहेर गेले. हॉलंडमधली १७३१ सालची हकिकत. पुरुषाचा पुरुषावर जीव जडला, या गुन्ह्यासाठी वीसेक माणसं धरली, हाल हाल करून कबुली वदवली, एकाच दिवशी गळे आवळले आणि प्रेतं जाळली. त्यात मिसरूड न फुटलेली पोरंही होती.

“बराबर?” सर विकासच्या बाकापाशी आले. “गेल्या बाजारी आपल्या होस्टेलच्या आचाऱ्याला, रामसिंगला, ह्याच कारणापायी तोंडाला काळं फासून फिरवलं. त्याच्या हातची भाकर खाऊन तू वाढला. अन् व्हिडिओ काढून राहिला होतास!”

“सगळेच काढून राहिले होते, सर.”

“हॉलंडातबी सगळेच होते!”

दुपारी प्राचार्य किसनरावांनी बोलावलं. “पोर्शनमधी न्हाई ते काहून शिकवता? विकासचे वडील येऊन गेले. माफी मागा, मिटवून टाका.”

“माफी रामसिंगची मागा.”

किसनरावांनी आवाज उतरवला. “सर, तुमी बिनलग्नाचे. उद्या लोक तुमच्यावरबी बोट दाखवतील.”

“दाखवू द्या. खरंच हाय ते.”

किसनराव खुर्चीसकट मागं सरकले, जणू सरांच्या अंगावरून काही उडून येणार होतं. जन्मभर गिळलेलं वाक्य बाहेर पडलं होतं. सरांनी दार ढकललं. रागानं.

तिथून ते थेट तांड्यावर गेले. रामसिंगची आई मिराबाई दारात आडवी आली. “आता काय ऱ्हायलं, सर? आनखी मारायचं का त्याला?”

“चहाला न्यायला आलो, बाई.”

आजही बाजार भरला होता. सरांबरोबर चालणाऱ्या रामसिंगचा एक डोळा अजून उघडत नव्हता. “मागं फिरा, सर. तुमालाबी धरतील.”

“धरू दे.”

हॉटेलवाल्या ग्यानबानं सरांपुढे काचेचा गिलास ठेवला, रामसिंगपुढे कागदी कप. सरांनी कप उचलला आणि ग्यानबाच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर ओतला.

“गिलासात आन.”

“सर, गिऱ्हाईक तुटल माझं.”

“गिलासात आन, ग्यानबा!”

शेजारच्या बाकावरचा माणूस उठून गेला, त्याच्यामागं दुसरा. सर जागचे हलले नाहीत. शेवटी ग्यानबानं चहा भरून गिलास टेबलावर आदळला.

रामसिंगनं तो दोन्ही हातांनी उचलला. काठोकाठ भरलेला कढत चहा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्यानं गिलास खाली ठेवला नाही.