माझ्या पोटावरची म्हण

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या डेव्हनच्या लाल मातीचा एक जुना दुधाचा जग आहे. माझ्या पोटावर एक म्हण कोरलेली आहे. ती खरी की खोटी, याचे मला जन्मापासून कुतूहल.

कुंभाराच्या चाकावरून उतरल्यावर मला सायीच्या रंगाच्या पातळ मातीत बुडवले. मग लव्हडे नावाच्या बाईने खिळ्याने माझ्यावर अक्षरे कोरली आणि ती खुदकन हसली. "दुधाच्या भांड्यावर दुसरं काय लिहिणार? सांडलेल्या दुधावर रडू नये!"

मला नवल वाटले. ज्याला रडायचे असेल त्याने का रडू नये?

भट्टीतून निघून मी ब्रिक्सम बंदरात थर्झाच्या घरी आलो. तिचा नवरा एनोक मासेमारीच्या गलबतावर कामाला होता. त्याचा थोरला भाऊ सायलस बंदरावर दोरखंड वळत असे. या सायलसकडे प्रत्येक प्रसंगाला म्हण तयार! थर्झाची शिवण उसवली, की म्हणे, "वेळेवर एक टाका, पुढचे नऊ वाचतात." एनोक उशिरा उठला, की म्हणे, "लवकर उठणाऱ्या पाखरालाच किडा मिळतो."

"दादा, मी मासे धरतो, किडे नाही," एनोक जांभई देत म्हणे. घर हसे.

एका मार्चमध्ये मोठे वादळ झाले. गलबत परतले, एनोक परतला नाही.

एनोकसाठीची चर्चमधली प्रार्थना आटोपून सायलस घरी आला. थर्झा विझलेल्या चुलीपाशी बसली होती. त्याने मला उचलून तिच्यासमोर धरले.

"बघ थर्झा, काय लिहिलंय. सांडलेल्या दुधावर रडू नये. काळ सगळ्यावर औषध असतो."

"ते दूध नव्हतं, भावोजी," थर्झा म्हणाली. "माझा नवरा होता."

सायलसने तोंड उघडले, पण एकही म्हण आली नाही. त्याने मला धपकन खाली ठेवले, तसे माझ्यातले दूध हिंदकळून टेबलावर सांडले आणि कडेवरून ठिबकू लागले.

"बोटीवर कामाला मीच लावलं होतं गं त्याला," तो कसाबसा म्हणाला. "धाकटा होता माझा."

टेबलावर डोके ठेवून तो हुंदके देऊ लागला. थर्झा उठली. तिने फडके घेतले नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघेही पोटभर रडले.

त्यानंतर सायलस नेमाने येऊ लागला. लाकडे फोडी, छप्पर दुरुस्त करी, आणि मुकाट्याने जाई. थर्झा जाळी विणण्याच्या कामाला लागली. मी मात्र विचारात पडलो. या माणसाच्या म्हणी गेल्या कुठे?

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात थर्झा आंबट बेरींचा मुरांबा ढवळत होती. सायलसनेही पातेल्यात पळी घातली.

"स्वयंपाकी फार झाले, की..." तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"थांबलात का? बोला ना," थर्झा म्हणाली.

"...रस्सा बिघडतो."

"मग काढा की तुमची पळी बाहेर!"

थर्झा हसली. किती महिन्यांनी मी ते हसणे ऐकले!

मित्रांनो, आता माझ्या काठाचा टवका उडाला आहे. मला धुताना जरा जपा. आणि माझ्यावरची म्हणही जपून वापरा. ती खोटी नाही. पण कुणाचे दुःख ताजे असेल, तर ती त्याच्या तोंडासमोर धरू नका. आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा. म्हणीला घाई नसते.