अकरा वेळा दिलेला चेहरा

माझ्या हातचं कुलूप मला ओळखतं. किल्ली हरवली तर मी दारासमोर खोकतो, दोनदा आखूड, एकदा लांब, की ते आपोआप सुटतं. आमच्या गल्लीत दारोदारी माझीच कुलपं आहेत. लोक म्हणतात, म्हातारा थापा मारतो. मारतो. पण ही थाप नाही.

किल्लीच्या बाबतीत मात्र मी खाष्ट. कोणी दुसरी किल्ली करून मागितली की आधी विचारतो, दार कोणाचं? मग दुकानाचं दार ओढून घेतो आणि त्याच्याबरोबर ते दार बघून येतो. एकजण साबणावर ठसा उठवून आला होता, त्याला कानस घेऊन कोपऱ्यापर्यंत पळवला. चेहऱ्याचीही दुसरी किल्ली निघते, हे काही मला सुचलं नाही.

माझी नात टिचकी, वय वर्षं दहा, शाळेतून थेट दुकानात आली.

"आजोबा, जरा चेहरा द्या."

"परत कधी देणार?"

"लगेच."

लाइव्ह व्हिडिओच्या कुठल्याशा ॲपवर खातं उघडायला मोठं माणूस लागतं म्हणे. फोन म्हणाला, डावीकडे बघा. बघितलं. उजवीकडे बघा. आता माझी मान पंधरा वर्षांत आपणहून उजवीकडे वळलेली नाही. टिचकीने हनुवटी धरून वळवली. तिची शाईची बोटं फोनला दिसली असणारच, पण त्याने हूं की चूं केलं नाही. डोळे मिटा. मिटले. हिरवी खूण आली आणि टिचकी सज्ञान झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग. सगळी आमच्याच गल्लीतली पोरं. आठवडाभरात टिचकी धरून अकरा जणांना चेहरा दिला. एकच टक्कल, एकच चामखीळ, नावं अकरा. "काय हो, परत आलात?" एवढंसुद्धा त्या ॲपने विचारलं नाही. मला गंमत वाटली.

बारावं खातं आमच्यापैकी कोणी उघडलं नव्हतं.

"कालची गोष्ट मस्त होती, आजोबा," टिचकी म्हणाली.

"काल मी कुठे गोष्ट सांगितली?"

"लाइव्ह. मारा आता थापा."

तिने फोन पुढे केला. टक्कल माझं, चामखीळ माझी, खोकला माझा. नावाशेजारी हिरवी खूण. गल्लीतली पोरं बघत होती. तो सांगत होता, "शनिवारी चार वाजता एकेकाला घरून न्यायला येतो. मोठ्यांना सांगायचं नाही हं."

मी तक्रार नोंदवली. फोनने पुन्हा मान वळवायला लावली. टिचकीने पुन्हा हनुवटी धरली. उत्तर आलं: या चेहऱ्याचे मालक सध्या लाइव्ह आहेत. आपली ओळख पटली नाही.

घरी सूनबाईने ओट्याशी उभ्या असलेल्या मला बघितलं, मग फोनमधल्या मला.

"बाबा, हे तुम्ही नाही?"

"नाही गं."

"टिचकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

ठेवला. तिने दहा घरी फोन लावले. नऊ घरं हसली, "सासऱ्यांची नवीन थाप वाटतं?" दहाव्याने उचललाच नाही. मी दारोदार फिरलो. मला चहा मिळाला.

शनिवारी आम्ही फोन बंद करून डब्यात घातला, दाराच्या आतल्या कडीला माझं सगळ्यात जाड कुलूप लावलं आणि तिघंही दारासमोर बसलो. सूनबाईने टिचकीचं मनगट सोडलं नाही.

चारला बाहेर कोणीतरी खोकलं. दोनदा आखूड, एकदा लांब.

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. माझं तोंड बंद होतं.

कुलूप सुटलं. दार वीतभर उघडलं. उंबऱ्यापलीकडे मी उभा होतो, माझ्याच खाकी सदऱ्यात.

"चल टिचके," तो माझ्या आवाजात म्हणाला.

टिचकी उठली. सूनबाईची पकड सैल पडली होती, तिलाही कळेना खरा सासरा कुठला.

"आधी डावीकडे बघा," टिचकी त्याला म्हणाली. तो वळला. "आता उजवीकडे."

त्याची मान तेल घातलेल्या बिजागरीसारखी अलगद वळली.

"माझ्या आजोबांची वळत नाही," ती म्हणाली आणि तिने दार लोटलं. आम्ही दोघांनी मागून कपाट सरकवलं.

बाहेर त्याने घाई केली नाही. पायऱ्या सावकाश उतरला. मग शेजारच्या दाराशी तोच खोकला आला, आणि मी तीस वर्षांपूर्वी बसवलेलं कुलूप सुटल्याचा आवाज.

कपाट हलवून बाहेर पडायला आम्हाला वेळ लागला.