नारळ फुटेपर्यंतची पाच मिनिटं

अड्याळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बुधवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली एकतीस म्हातारी माणसं दोन दिवसांपासून ताटकळत होती. त्यांच्यासोबत लेकी-सुना होत्या, आणि आता बाजारातली रिकामी माणसंही व्हरांड्यात शिरली होती. कारण कंप्युटरच्या खोलीत पाट मांडून यंत्रमहाराज बसले होते.

हे महाराज पूर्वी लाखांदूरकडे पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देत. मोटारी भरता भरता त्यांना साक्षात्कार झाला, आणि बोअरचा पंप असो की मळणीयंत्र, त्यांचा हात लागला की सुरू होतं अशी ख्याती पसरली. त्यांनी दवाखान्याच्या नव्या सर्व्हरला कुंकू लावलं होतं आणि हवेच्या जाळीत अगरबत्ती खोचली होती.

"यंत्रालेबी जीव असते," महाराज सांगत होते. "तुमी का केलं? जुन्या कंप्युटरचा जीव काढला अन् या डब्यात भरला. डब्यात त्याले देह कोठी आहे? बिना देहाचा जीव भटकून राहिला. मंग डिस्क सापडन कशी?"

पडद्यावर खरोखरच तसं आलं होतं. बूट डिस्क सापडत नाही, असं इंग्रजीत. कोणीतरी त्याचा अर्थ मोठ्यानं सांगितला आणि ज्यांना पडदाच दिसत नव्हता त्या म्हाताऱ्यांनी हात जोडले.

कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन अतुल बसला होता. हे सगळं त्याचंच काम. दवाखान्याचा जुना कंप्युटर कुरकुरत होता, म्हणून त्याची डिस्क जशीच्या तशी उतरवून नव्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन बनवायचं, म्हणजे पेटी जाईल पण आतला कंप्युटर तसाच चालत राहील, असं त्यानं ट्रस्टच्या अध्यक्षांना पटवलं होतं. "एका दिवसाचं काम आहे," असंही म्हणाला होता. शनिवारी डिस्क उतरवली, रविवारी जुन्या पेटीनं कायमचे डोळे मिटले, आणि सोमवारपासून नवं मशीन उठेना. कोणाच्या डोळ्यात कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं ती सगळी मापं त्याच्यात अडकली होती.

"जुन्यावर कोन बसे?" महाराजांनी विचारलं.

अध्यक्ष वासुदेवराव हात बांधून उभे होते. "पयले धनंजय बसे जी. तो वारला तीन वर्साआधी. आता त्याची बायको बसते, कामिनी."

महाराजांनी डोळे मिटले आणि बराच वेळ मान डोलावली. "तोच हाय. त्याचा जीव त्या पेटीत गुतला होता. बायकोचा हात रोज लागे, म्हणून सुटत नव्हता. आता पेटीच गेली. जेथपर्यंत हिचा हात आहे, तेथपर्यंत हे यंत्र खुलणार नाही."

दाराशी उभ्या असलेल्या कामिनीकडे सगळ्या व्हरांड्यानं वळून पाहिलं. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि खाली बघत राहिली.

नेमकं त्याच वेळी अतुलला चूक सापडली. चूक साधी होती, आणि त्याची स्वतःची होती. नवं मशीन तयार करताना डिस्क कोणत्या प्रकारच्या कंट्रोलरला जोडायची ते निवडावं लागतं. त्यानं घाईत नवा, वेगवान प्रकार निवडला होता. जुन्या डिस्कमधल्या विंडोजकडे त्या प्रकारचा ड्रायव्हर, म्हणजे तो ओळखणारा प्रोग्रामच, नव्हता. घर जागेवर होतं, सामान जागेवर होतं, फक्त दाराला भलतंच कुलूप लागलं होतं. सेटिंगमधली एक ओळ बदलली की काम झालं. त्यानं ती बदलली. आता फक्त मशीन सुरू करायचं होतं.

तेवढ्यात महाराजांचा चेला हेमराज त्याच्या बाजूला येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "झालं का भाऊ?"

अतुलनं मान हलवली.

"थांबजो मंग. नारळ फुटला का चालू करजो. तुलेबी कोनी काई म्हननार नाही."

शेवटचं वाक्य अतुलला नेमकं पटलं. दोन दिवस दवाखाना कोणामुळे बंद होता, हे आता कोणी विचारणार नव्हतं. मोहाडी आणि लाखांदूरच्या दवाखान्यांचं कामही ट्रस्ट त्यालाच देणार होतं. महाराजांनी मंत्र म्हटले, कापूर फिरवला, कामिनीला खोलीबाहेर जायला सांगितलं. पाच मिनिटं अतुल बटणावर बोट ठेवून थांबला. नारळ फुटला आणि त्यानं बोट दाबलं.

पडदा निळा झाला, मग दवाखान्याचं नाव उमटलं. लोकांनी जयजयकार केला. वासुदेवरावांनी महाराजांचे पाय धरले आणि उठता उठता अतुलची पाठ थोपटली.

आठ दिवसांनी दुसरा कंप्युटर, रांगेतल्या नंबराच्या चिठ्ठ्या देणारा, सर्व्हरवर न्यायचा होता म्हणून अतुल पुन्हा आला. कामिनीच्या खुर्चीवर दुसरीच मुलगी बसली होती. कामिनी मागच्या अंगणात डोळ्यांच्या हिरव्या पट्ट्या धुऊन वाळत घालत होती. अतुल तिला टाळून निघणार होता, पण तिनंच हाक मारली.

"अतुलभाऊ, एक विचारू का?"

"विचारा ना ताई."

"जीव अटकते का जी मशीनमंदी? खरं सांगा. तुमी शिकले आहा." ती पट्टी पिळत राहिली. "मी त्या खुर्चीवर बसून कधी कधी यायच्याशी बोलत होती. मनातल्या मनात. आज इतके पेशंट झाले, आपल्या उर्वशीले इतके मार्क पडले. मले का मालूम, त्यायले तेच बांधून ठेवून राहिलं होतं म्हणून."

तिनं पट्टी झटकून दोरीवर टाकली.

"उर्वशीचा परीक्षेचा फॉर्म भरायचा हाय मोबाईलवर. ते म्हणते, आई तू भर. मी हात नाही लावला. माह्या हातानं अजून तिचं काई बिघडलं म्हंजे?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यापाठोपाठ दुसरं सांगावं लागलं असतं, की मला माहीत होतं. "तसं काई नसते ताई," एवढंच तो पुटपुटला आणि सर्व्हरच्या खोलीत शिरला. तिथं जाळीत अगरबत्तीची राख तशीच होती. त्यानं ती फुंकून काढली, आणि तेवढ्यानंही त्याला बरं वाटलं नाही.

मोहाडीला घरी पोचला तेव्हा वडील अंगणात बसले होते. केशवराव निवृत्त प्राथमिक शिक्षक. छप्पन साली आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून या घरात अंगारा-धुपारा शिरला नव्हता.

"अड्याळले कोन्या महाराजानं कंप्युटर चालू केला म्हणते," केशवराव म्हणाले. "तू तेथंच काम करून राहिला ना? त्या दिवशी होता का?"

"नव्हतो," अतुल म्हणाला.

तो हातपाय धुऊन जेवायला बसला. आई धुरपतानं भात वाढला. दोन घास झाल्यावर त्यानं ताट सरकवलं.

"होतो मी, बाबा. मीच चालू केला."

त्यानं सगळं सांगितलं. पाच मिनिटांचं आणि अंगणातल्या कामिनीचंही. केशवराव रागावले नाहीत, त्यामुळे ऐकणं आणखी अवघड झालं.

"भूत कोनं सांगितलं, महाराजानं," ते म्हणाले. "पन साक्ष कोनाची होती? तुही. तू बटन दाबलं नसतं तं त्याचा नारळ नुसता नारळ राहिला असता. मले सांगून काई उपयोग नाही. जिले सांगायचं तिले सांग, अन् जेथं लोकायनं पाह्यलं तेथं सांग."

दुसऱ्या दिवशी अतुल दवाखान्यातल्या डॉक्टर मनालीताईंकडे गेला. नारळ फुटला त्या बुधवारी त्या नागपूरला होत्या आणि परतल्यापासून वासुदेवरावांशी कामिनीवरून भांडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एवढे दिवस गप्प बसलास?"

"हो."

"वासुदेवरावांनी शुक्रवारी महाराजांना पुन्हा बोलावलंय. दुसरं मशीन सुरू करायच्या आधी शांती करायला. तुला काय करायचंय?"

अतुलनं योजना सांगितली. दुसऱ्या कंप्युटरचं मशीन त्यानं नीट सुरू करून ठेवलं, म्हणजे दवाखान्याचं काम अडणार नव्हतं. मग शुक्रवारी पडद्यावर दाखवायला त्याची एक नक्कल काढली आणि तिची डिस्क मुद्दाम चुकीच्या कंट्रोलरला जोडली.

शुक्रवारी पुन्हा तीच गर्दी, तोच पाट, तोच कापूर. पडद्यावर बूट डिस्क नसल्याचा संदेश. महाराज सांगत होते की धनंजयचा जीव आता या दुसऱ्या यंत्रात शिरला आहे. अर्ध्या तासानं हेमराज अतुलजवळ सरकला.

"झालं का भाऊ?"

अतुल उठला, लॅपटॉप बंद केला आणि तो डॉक्टर मनालीताईंच्या हातात दिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हेमराजभाऊ विचारून राहिले, झालं का म्हणून. नाही झालं. अन् मी आज काही करणार नाही. महाराजायनं चालू करावं."

महाराजांनी नारळ फोडला. पडदा तसाच राहिला. दुसरा फोडला. मग पाणी शिंपडायला लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना अडवलं. महाराज म्हणाले की आज तिथी बरोबर नाही, आणि या जागेत कोणी नास्तिक बसला आहे.

"नास्तिक मागच्या आठवड्यातल्या बुधवारीही येथंच बसला होता," अतुल म्हणाला. "मशीन मीच बंद पाडली होती, चुकून. मीच दुरुस्त केली. नारळ फुटेपर्यंत पाच मिनिटं मुद्दाम थांबलो, कारण माझी चूक झाकल्या जात होती. महाराज असेच करतात. आठवून पाहा, मेकॅनिक पोचल्याशिवाय ते कधी कोणाच्या पंपाकडे गेले का? चेला मेकॅनिकजवळ बसतो, त्यानं मान हलवली की नारळ फुटतो."

गर्दीतून एक माणूस पुढं आला, ताराचंद. "माह्या मळणीयंत्राच्या वक्तीबी हेमराज मिस्त्रीजवळच बसला होता," तो विचार करत म्हणाला. हेमराज पाट उचलायला लागला होता.

वासुदेवरावांचा चेहरा उतरला. "हे सारं तू आज सांगून राहिला?"

"हो. आधी सांगायला पाहिजे होतं."

अतुलनं कामिनीला आत बोलावलं. ती येईना, तेव्हा डॉक्टर तिचा हात धरून घेऊन आल्या. अतुलनं लॅपटॉप परत घेऊन सेटिंगची ती ओळ दाखवली. "येथं दोन प्रकार आहेत. आता हा आहे. तुम्ही दुसरा निवडा अन् चालू करा."

कामिनीनं अतुलकडं बघत माउस धरला. तिनं दुसरा प्रकार निवडला. मशीन सुरू झालं, दवाखान्याचं नाव आलं. कोणी टाळी वाजवली नाही. ती पडद्याकडं बघत राहिली, मग तिनंच ते बंद केलं, ओळ पहिल्यासारखी केली, पुन्हा लावलं. बूट डिस्क सापडेना. पुन्हा बदललं. सुरू झालं. असं तिनं तीनदा केलं. तिसऱ्यांदा तिनं अतुलकडं बघितलंही नाही.

"म्हंजे ते कोठीच नव्हते," ती म्हणाली. मागं उभ्या असलेल्या बायांपैकी एकीनं डोळ्याला पदर लावला.

लोक पांगल्यावर अतुल तिच्यासमोर उभा राहिला. "ताई, माझी चूक झाली."

"महाराजाचं मले काई नाही वाटत," कामिनी म्हणाली. "त्याचा धंदाच तो हाय. पन तुमाले तं मालूम होतं ना जी. अंगणात मी विचारलं, तईबी मालूम होतं." तिचा आवाज चढला नाही. "आता जा. मले काम हाय."

नव्या मुलीनं रिकाम्या केलेल्या आपल्या खुर्चीवर ती बसली आणि तिनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मोहाडी-लाखांदूरचं काम अतुलला मिळालं नाही, आणि त्यानं मागितलंही नाही.

वाचकहो, बंद पडलेल्या यंत्राला कारण असतं. कधी ते तारेत असतं, कधी सेटिंगच्या एका ओळीत. ते कोणालाही विचारता येतं, आणि बहुतेकदा समजतंही. एखाद्या बाईच्या कपाळात ते कधीच नसतं. म्हणून विचारा, आणि पुन्हा करून दाखव म्हणा. आणि ज्याला कारण ठाऊक आहे त्यानं ते लगेच, सगळ्यांसमोर सांगावं. भोंदूला मंत्र लागत नाहीत. एका जाणत्या माणसानं पाच मिनिटं गप्प बसलेलं त्याला पुरतं.