सहा वाव दोर

जेबेझ स्टॅनियरने जन्मभर तागाचा दोर ओढला, त्याच्या मुलाने, एनॉकने, सुताचा. आणि एनॉकच्या सायलसने त्याच कालव्यावर कोळशाच्या नावा हाकताना नव्याने निघालेल्या नायलॉनला शिव्या घातल्या. सायलसची लेक हिल्डाबाई, वय एकोणऐंशी, यांनी नौकासामानाच्या दुकानात नातीच्या हातातला निळा दोर काढून घेतला आणि फडताळावर परत ठेवला.

“अगं आजी, स्वस्त आहे! शिवाय पाण्यावर तरंगतो.”

“तरंगू दे. ओला झाला की साबणासारखा निसटतो. आणि नायलॉन नको, तो ताणला जातो.” त्या दुकानदाराकडे वळल्या. “तो तीन पेडांचा मऊ दे रे, बोटाएवढा जाड. दोन्ही हात पसरून मोज, सहा-सहा वाव, तीन तुकडे.”

“एवढा लांब?” ब्रायनी हसली. “माझी बोट केवढी, बावीस फूट!”

“बोट मोजू नकोस, कालव्यातलं लॉक मोज. त्या हौदात चौदा फूट पाणी खाली जातं. दोर काठावरच्या खुंट्याला वळसा घालून परत तुझ्या हातात आला पाहिजे.”

“बरं. पण पुढचा एक, मागचा एक. तिसरा कुणाला?”

हिल्डाबाईंनी ऐकले नाही असे दाखवले. त्या पैसे देईपर्यंत ब्रायनीने पेड सुटू नयेत म्हणून पुढच्या दोराच्या टोकाला नीटस गाठ मारली होती. ती पाहताच हिल्डाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दुकानदाराची कात्री उचलली, गाठ छाटून टाकली आणि टोकाला मेणाचा दोरा घट्ट गुंडाळला. दोरा दोनदा सुटला.

“गाठच तर होती, आजी.”

“मोकळं टोक मोकळंच ठेवायचं.”

दुपारी बोट लॉकच्या दगडी हौदात शिरली. मागची दारे मिटली, पुढच्या झडपा उघडल्या आणि पाणी खाली जाऊ लागले. हिरव्या, ठिबकत्या भिंती दोन्ही बाजूंनी वर चढू लागल्या. हिल्डाबाई मागचा दोर तळहातातून इंचाइंचाने सोडत होत्या. डोळे मात्र नातीच्या दोरावर खिळले होते. बेचाळीस वर्षांपूर्वी याच भिंतींमध्ये त्यांची आणि नवऱ्याची, टॉमची, नाव दोराला लटकली होती, आणि आत दोन वर्षांचा कॉलिन, ब्रायनीचा बाप, झोपलेला होता.

पाणी अर्धे उतरले आणि ब्रायनीचा दोर खुंट्यावरून घसरून काठाच्या दोन दगडांमधल्या फटीत शिरला. तीच फट. बोटीचे नाक हवेत थांबले, मागची बाजू खाली जातच राहिली. चहाची किटली घरंगळली.

“आजी, येत नाहीये! ओढते तरी—”

“ओढू नकोस! सोड! हात सोड, पोरी!”

ब्रायनीने हात सोडले. बोटीच्या वजनाने दोर फटीतून सरसरला. टोक फटीपाशी पोहोचले, क्षणभर अडखळले, आणि पार झाले. नाक धपकन पाण्यावर आपटले. पुढची दारे उघडेपर्यंत हिल्डाबाई मागचा दोर धरून राहिल्या.

खाली बोट बांधल्यावर त्या तिसरा दोर खांद्यावर टाकून काठाच्या पायऱ्या चढल्या. लॉकशेजारच्या घराच्या ओसरीवर लॉकचा जुना राखणदार आमोस पेल बसला होता. नव्वदी उलटलेली, डोळे गेलेले.

“कोण? पावलं स्टॅनियरांची वाटतात. तोच तोरा.”

“तुझी जीभ अजून शाबूत आहे म्हणायची.” त्यांनी दोर त्याच्या मांडीवर ठेवला. “त्या दिवशी तू माझा दोर कापलास आणि घरी पोचायला तुझा दिलास. परत आणून दे म्हणालास.”

“वाट बघून डोळे गेले की गं.”

हिल्डाबाई हसल्या नाहीत. “फटीत अडकलेली ती गाठ टॉमने मारली, असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी टॉमला मरेपर्यंत ऐकवलं. गाठ माझी होती, आमोस. स्टॅनियरांच्या लेकीची.”

“ठाऊक आहे. टॉम डावखुरा. ती गाठ उजव्या हाताची होती. मीच नाही का कापली?”

“मग बोलला का नाहीस?”

“टॉमने मान हलवली. बोलू नकोस म्हणाला.”

हिल्डाबाई पायरीवर बसल्या. आमोसने दोराचे टोक चाचपले, मेणाच्या दोऱ्यावर अंगठा फिरवला, आणि दोन्ही हात पसरून छातीवरून मोजायला लागला. एक वाव. दोन. सहाव्याला दोर संपला.

“पुरता आहे,” तो म्हणाला, आणि दोर टांगायला पाठीमागच्या भिंतीवरची रिकामी खुंटी हाताने शोधू लागला.