तोंडावरचे वय

निराधारांच्या पेन्शनला पासष्ट वर्षे पूर्ण लागत, आणि जन्माचा कागद नसेल तर डॉक्टरने तोंडाकडे पाहून वय ठरवावे, अशी रीत होती. २००४ साली बोदलकशाची दुर्पता मडावी तिरोड्याच्या शिबिरात उभी राहिली, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षीही तिचे केस काळे होते आणि दात बत्तीसच्या बत्तीस. हा गुन्हा डॉक्टरांच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी पन्नास लिहिले.

"काऊन जी? हे माही लेक दुर्गा, शेचाळीसची हाय. तिचा शाळेचा दाखला पाहा. मंग मी का चवथ्या वर्षी बाळंतीण झाली?"

"मावशी, तरुण दिसणारी माणसं जास्त जगतात. शास्त्र सांगतं."

"मंग तं पेन्शन जास्तच दिवस लागंल ना!"

शास्त्राने पुढच्या माणसाला हाक मारली.

महिन्याने दुर्पता पुन्हा गेली. केसांत चुलीची राख, हातात काठी, आणि ओठ आत ओढून केलेले बोळके. डॉक्टरांनी तिला ओळखले नाही. माणूस ओळखण्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. त्यांनी अठ्ठ्याहत्तर लिहिले, आणि एका महिन्यात अठ्ठावीस वर्षांनी म्हातारी झालेल्या त्या बाईच्या लेकीला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आवडीचं खाऊ घाला. फार दिवस दिसत नाहीत."

दुर्पतेने ओठ मिटलेलेच ठेवले. दाखला पदराला बांधला. बसस्टँडवर पोचल्यावर मात्र तिने दुर्गाकडून फुटाणे मागून घेतले आणि आवडीने, कडाकडा फोडून खाल्ले.