कुंकवाचे काटे

मी तांब्याचा तुकडा बोलतोय, आणि गोड बोलायची माझी मुळीच इच्छा नाही.

तमिळनाडूतलं कुंभकोणम म्हणजे भांड्यांचं गाव. माझ्या भावंडांपैकी कुणी कलश झालं, कुणी हंडा, सुखात आहेत. माझ्या नशिबी कॉलेजची प्रयोगशाळा आली. मला वितळवून इतकं सावकाश थंड केलं, की माझे सगळे अणू पंगतीला बसल्यासारखे ओळीत बसले. एकसंध स्फटिक! तोंड कसं आरशासारखं होतं माझं.

मग पीएचडी करायला नंदिता आली. तिनं मला हवा काढलेल्या डब्यात कोंडलं आणि आर्गॉन वायूच्या आयनांचा मारा सुरू केला. एकेक आयन यायचा नि माझे दोन-चार अणू उडवून न्यायचा. आधी खड्डे पडले. मारा तिरका, म्हणून मग लाटा उठल्या. ही बया त्या लाटांवरच खूश! “किती सुंदर!” म्हणे. तुझ्या तोंडावर कुणी वाळू मारली म्हणजे सांग, सुंदर की काय ते.

तिच्या नरसिंह सरांच्या एका वाक्यावर मी तग धरून होतो. “काम संपलं की तापव ह्याला. अणू सरकून खड्डे भरतील, परत गुळगुळीत होईल.”

आयुधपूजा आली. सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू लागलं. मी मोजणीसाठी टेबलावर उघडा पडलेलो. नंदिताची आई मीनाक्षीबाई पूजेला आली होती.

“ह्यास कां विसरलीस गे? ह्याच्यावरच तुझं सगळं आहे ना?” म्हणत तिनं थेट माझ्या तोंडावर कुंकवाचं बोट टेकवलं.

“अम्मा, नको!” पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नंदितानं धुतलं, पुसलं. तरी कुंकवाचे बारीक कण चिकटून राहिलेच. ते उडून जातील म्हणून रडत रडत तिनं पुन्हा मारा लावला. कणांच्या आडोशाचं तांबं वाचलं, भोवतालचं झिजत गेलं. लाटा गेल्या आणि माझ्या अंगावर काटे उभे राहिले.

सूक्ष्मदर्शकातून पाहून सर ओरडलेच. “हे तर लाटांपेक्षा भारी! आता ह्यावरच लिही. आणि खबरदार, हा कधीच तापवायचा नाही!”

नंदितानं लगेच आईला फोन लावला. “अम्मा, तुझं कुंकू पावलं गे!”

मला कोण विचारतंय? आता डबीत पडलोय. वाचणाऱ्या बाबांनो, कधी इकडे आलात तर एवढं करा, मला गुपचूप भट्टीत सरकवा. माझं तोंड मला परत द्या.

नाहीतर येत्या पूजेला मीनाक्षीबाई पुन्हा बोट टेकवणार. कचकन टोचावं तिला, असं फार वाटतं. पण माझे काटे इतके बारीक आहेत, की तिला कळायचंसुद्धा नाही.